घामाची वही

सर, काल तुमची शोकसभा झाली आणि तिच्यात माझंच कौतुक झालं. आपल्या दवाखान्यातले धाकटे डॉक्टर उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "सरांच्या मेंदूतली गाठ दोन आठवड्यांत ओळखली ती त्यांच्या टेक्निशियननं, सुजाताबाईंनी. सरांना पुढचं वर्ष मिळालं ते त्यांच्यामुळे." सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे बघितलं. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत म्हणून वाचले. मी मान खाली घातली, तर शेजारच्या बाईंनी पाठीवरून हात फिरवला. त्यांना वाटलं, रडू येतंय. तुम्ही असता तर एका नजरेत ओळखलं असतं की ही काहीतरी लपवतेय.

येत्या रविवारी धुळ्याला डॉक्टरांची बैठक आहे. तिथे धाकटे डॉक्टर तुमची घामाची वही वाचून दाखवणार आहेत, शेवटच्या नोंदीसकट. ती नोंद तुमच्या स्वतःच्या आजाराची आहे आणि तिच्यात आजार पहिल्यांदा दिसल्याचा दिवस खोटा लिहिलेला आहे. तो तुम्हाला मी सांगितला होता. वही वाचली गेली की तो खोटा दिवस खानदेशातल्या प्रत्येक दवाखान्यात जाईल आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या भरवशावर कुणाला तरी घरी पाठवलं जाईल. हे मला तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्ही गेल्यावर बोलायला लागले हेही तुमच्या लक्षात आलंच असतं.

आपलं मशीन आलं तो दिवस आठवतो? रावेरहून केळी घेऊन मुंबईला गेलेला ट्रक परत येताना ते घेऊन आला, म्हणून खोक्याला कितीतरी दिवस केळीच्या पानांचा वास होता. सोळा पेनं, शाई आणि घडी उलगडत पुढे सरकणारा कागद. डोक्याला तारा चिकटवायच्या, की मेंदूतल्या विजेच्या लाटा रेघांनी कागदावर उतरायच्या. चोपड्याकडची माणसं त्याला डोक्याचा फोटो म्हणायची. मी बारावी करून लॅबचा कोर्स केलेली मुलगी, वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. तुम्ही मला मार्क विचारले नाहीत, आडनावावरून गाव काढलं नाही. एक सुई आणि दोरा दिलात आणि म्हणालात, "ओवा." पहिल्या झटक्यात ओवला. "उद्यापासून या," म्हणालात. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "डोक्याच्या डॉक्टरकडे शिवणकाम काय करणार तू?"

तुमचा नेम होता. सकाळी पहिला पेशंट घ्यायच्या आधी तुम्ही स्वतः खाटेवर आडवे व्हायचात आणि मी तुमच्या डोक्याला तारा लावायची. निरोगी माणसाचा कागद कसा दिसतो हे मशीनला रोज विचारायचं, असं तुमचं म्हणणं. तुमच्या लाटा सुरेख होत्या. डोळे मिटले की मागच्या बाजूला एकसारख्या, शांत. कधीकधी तुम्हाला तिथेच डुलकी लागायची आणि मी दोन मिनिटं उगाच कागद चालू ठेवायची, तेवढीच तुम्हाला झोप.

एकदा धुळ्याकडची एक म्हातारी नातवाला घेऊन वेळेआधीच आत आली. तुम्ही तारा लावून पडलेले. ती दारातच थबकली. "या डॉक्टरलेच काय व्हयनं, वो माय?" तिनं मला विचारलं. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "काही नही वो, मशीन तपासी ऱ्हायनू." ती जवळ आली, तुमच्याकडे वाकून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "जपी ऱ्हाय रे भाऊ." तेव्हा आपण हसलो. आता ते हसू मला पुन्हा पुन्हा आठवतं.

घामाची वही त्याच खोलीत सुरू झाली. कूलर चालू ठेवला की त्याच्या मोटारीची वीज कागदावर यायची, म्हणून रेघा काढताना कूलर बंद. मे महिन्यातलं जळगाव, बंद खोली, पेशंटच्या कपाळावरून धारा. घामानं तारेखालची कातडी ओली झाली की कागदावर मोठ्या संथ लाटा उठतात. मेंदूत गाठ असली तरीही संथ लाटा उठतात. मोठ्या शहरातल्या थंड खोल्यांत शिकून आलेले डॉक्टर इथल्या उन्हाळ्यात दोन्ही गोष्टींची गल्लत करतात, हे तुम्ही पहिल्याच वर्षी पकडलंत. चांगल्या माणसाला गाठ आहे म्हणून हादरवलं जातं, हा तुमचा राग. मग तुम्ही दोन्हींचे कागद शेजारी ठेवून वही लिहायला घेतलीत. घामाची लाट जागा बदलते, स्पिरिटनं पुसलं की जाते, पंखा घातला की जाते. खरी लाट जागा सोडत नाही. वही भरत गेली आणि घाम या विषयात तुमच्या तोडीचं आसपास कुणी राहिलं नाही. तुमचं नाव झालं. ते नावच पुढे तुमच्या आड आलं, असं आज मला वाटतं.

तुम्ही चिडायचात ते एकाच गोष्टीवर. नातेवाइकांना विचारायचं, "पहिली फिट कधी आली?" आणि ते खोटं सांगायचे. फैजपूरच्या त्या मुलीची आई आठवते? मुलीचं लग्न ठरलेलं. "मागच्या आठवड्यात पहिल्यांदाच," असं ती शपथेवर सांगत होती आणि मुलीच्या जिभेवर जुन्या चाव्यांचे वण. तुम्ही आवाज चढवलात. "माय, तू दिवस चुकीचा सांगशील तर मी औषध चुकीचं देईन. मग रडत येऊ नको." ती बाई हमसून रडली. मी तिला पाणी दिलं आणि मनात म्हटलं, आपण शिकलेली माणसं असं कधी करणार नाही.

आपलं भांडण मात्र वेगळ्याच गोष्टीवर होतं. शनिवारी दुपारी तुम्ही आठवड्याचे कागद वाचायला बसायचात, आणि पेशंटच्या नावावर मी खाकी कागदाची पट्टी टाचून ठेवायची हा तुमचा हुकूम. मला ते पटायचं नाही. माणूस कोण, गाव कुठलं, हे कळल्याशिवाय निदान कसलं? तुम्ही म्हणायचात, "नाव दिसलं की डोळे नाव वाचतात, रेघा वाचत नाहीत." मी म्हणायची, "मग माणसाला बोलावताच कशाला, डोकंच पाठवा म्हणा." तुम्ही हसायचात. एकदाच गंभीर होऊन म्हणालात, "सुजाताबाई, मी शिकत होतो तेव्हा आमचे मोठे डॉक्टर आधी आडनाव वाचायचे. तुम्हाला हे मी सांगायला हवं का?" त्या दिवशी मी पट्ट्या टाचल्या. पटलं मात्र अर्धंच, आणि उरलेलं भांडण तसंच राहिलं.

मग तो मे महिना आला. एका सकाळी तुमच्या कागदावर डाव्या बाजूला, कानाच्या वर, एक संथ लाट दिसली. मी म्हटलं, "सर, डावीकडे जरा हळू दिसतंय." तुम्ही म्हणालात, "घाम. पुसा." पुसलं. लाट राहिली. दुसऱ्या दिवशी तार बदलली, जागेवर पंखा घातला. लाट राहिली. उजव्या बाजूला तोच उकाडा, तोच घाम, आणि तिकडे तुमच्या नेहमीच्या सुरेख रेघा. तुम्ही घडी उलटून बघितलीत आणि पेन्सिलीनं लिहिलंत, घाम. तिसऱ्या वेळी मी पुन्हा बोलले तेव्हा बाहेरची माणसं दारात उभी होती. तुम्ही ताडकन उठलात, तारा ओढल्या गेल्या. "घाम तुम्हाला कुणी शिकवला?" एवढंच म्हणालात. खरं होतं, तुम्हीच शिकवला होता.

सर, मला त्या वाक्याचा राग आला. तो राग मी सांभाळून ठेवला, कारण रागामागे भीती होती आणि भीतीपेक्षा राग सोपा. आठवड्याभरानं मी साळसूदपणे म्हटलं, "सकाळी तुमचा वेळ फुकट जातो, यापुढे मशीन माझ्याच डोक्यावर तपासत जाऊ का?" तुम्ही लगेच हो म्हणालात. इतक्या लगेच, की तुम्हालाही तेच हवं असावं. मेमधले तुमचे सात कागद मी घरी नेले आणि ट्रंकेत घातले. त्यानंतर तुमचं डोकं कुणी बघितलंच नाही.

पावसाळा गेला. तुम्ही अधूनमधून विचारायचात, "काही जळतंय का? रबर जळल्यासारखा वास येतोय." मी प्लग बघायची, वायर हुंगायची. खोलीत वास नसायचा. आणि तुम्ही, जे प्रत्येक पेशंटला पहिला प्रश्न विचारायचात, फिट येण्याआधी कसला वास येतो का म्हणून, ते तुम्ही शांतपणे पुढचा कागद ओढायचात. एकदा तुम्ही पेशंटला औषध सांगता सांगता थांबलात. तोंड किंचित हलत होतं, काही चघळल्यासारखं. पेशंट माझ्याकडे बघायला लागला. मी मनात दहा आकडे मोजले असतील. मग तुम्ही बरोबर त्याच शब्दापासून पुढे बोलायला लागलात. मी पेशंटला म्हटलं, "सर विचार करत होते." तुमच्या वतीनं मी खोटं बोलले ते तेव्हा पहिल्यांदा.

दिवाळी झाली, थंडी पडली. सकाळी खोलीत स्वेटर घालून बसायला लागत होतं. मी एक दिवस म्हटलं, "सर, मशीनचं काहीतरी बिनसलंय, आज तुमच्या डोक्यावर बघू या." तुम्ही आडवे झालात. तुमचं कपाळ कोरडं, हात गार. मी पेनं कागदावर सोडली. मेमधली ती लाट आता लपायचंही कष्ट घेत नव्हती. मी तुम्हाला म्हटलं, "ठीक आहे मशीन." आणि शनिवारच्या गठ्ठ्यात, मधोमध, तुमचा कागद ठेवला. नावावर खाकी पट्टी.

त्या दुपारी मी खोलीतून बाहेर गेले नाही. तुम्ही पाच कागद वाचलेत, सहावा ओढलात. कागदाच्या दोन घड्या उलटल्यात आणि चष्मा सारखा केलात. "हे बघा, याला म्हणतात खरी लाट. एकाच जागी बसलीय. हा घाम नाही, सुजाताबाई." तुमचा आवाज खुशीत आला होता, चांगला नमुना मिळाल्यावर यायचा तसा. मग तो उतरला. "गाठ असणार. याला आजच्या आज मुंबईला पाठवायला हवं. कुठला आहे? रावेरचा?"

"जळगावचा."

"मग बरं. नातेवाइकांना बोलवा, मी बोलतो त्यांच्याशी."

मी म्हटलं, "पट्टी तुम्हीच काढा, सर."

तुम्ही टाचणी काढलीत. स्वतःचं नाव तुम्ही किती वेळ वाचत होतात कोण जाणे. बाहेर कुणीतरी हँडपंप मारत होतं, तो आवाज चालू होता तोवर तुम्ही हलला नाहीत. मग अगदी हळू विचारलंत, "कधीपासून?"

सात कागद माझ्या ट्रंकेत होते. फैजपूरची ती बाई माझ्या डोळ्यांसमोर आली, देवाशपथ आली. आणि मी म्हटलं, "दिवाळीनंतरच दिसतंय. दोन आठवडे."

"मे महिन्यातलं?"

"ते पुसल्यावर गेलं होतं."

तुम्ही मोठा श्वास सोडलात. "म्हणजे वेळेत सापडलं," म्हणालात. "शाबास." इतक्या वर्षांत तुम्ही मला शाबास म्हणाला नव्हतात. तुम्हाला धीर यावा म्हणून खोटं बोलले, असं मी पुढे वर्षभर स्वतःला सांगितलं. खरं सांगते, मी माझी कातडी वाचवली. मे म्हटलं असतं तर तुमचा पुढचा प्रश्न आला असता, मग सहा महिने काय करत होतात, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मुंबईला ऑपरेशन झालं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, इतकी मोठी गाठ, आधी काहीच कसं कळलं नाही? तुम्ही अभिमानानं सांगितलंत म्हणे, माझ्या टेक्निशियननं दोन आठवड्यांत पकडली. परत आलात ते डोक्याला टोपी घालून, आणि एकेक शब्द तुमच्यातून जायला लागला. आधी माणसांची नावं गेली, मग औषधांची, मग रोजच्या वस्तूंची. तरी घामाच्या वहीत शेवटची नोंद घालायचीच हा हट्ट. तुम्ही सांगायचात, मी लिहायची. एका दुपारी तुम्ही अडलात. कपाळावर बोट फिरवून म्हणालात, "ते... इथलं... ओलं." आयुष्यभर ज्याचा अभ्यास केलात त्याचं नाव तुम्हाला सापडत नव्हतं. मी म्हटलं, "घाम." तुम्ही लहान मुलासारखी मान हलवलीत. मग तुम्ही सांगितलंत ते मी लिहिलं: पहिली खूण दिवाळीनंतर, दोन आठवड्यांत निदान, उन्हाळ्यात अशी लाट दिसली तर न घाबरता थंडीपर्यंत थांबून पुन्हा बघावं. माझा हात त्या वाक्यावर थांबला होता. तुम्ही विचारलंत, "काय?" मी म्हटलं, "शाई संपली." शाई भरपूर होती.

हे सगळं आज सकाळी मी वहिनींना सांगितलं. वही घेऊन तुमच्या घरी गेले, सात कागद त्यांच्यासमोर जमिनीवर पसरले. प्रत्येकावर तुमच्या पेन्सिलीचा शब्द आहे. मला वाटलं होतं, त्या मला दाराबाहेर काढतील. त्यांनी एकेक कागद उचलून बघितला. म्हणाल्या, "मे का?"

मी म्हटलं, "मे."

"मी एप्रिलपासून बघत होते," वहिनी म्हणाल्या. "जेवताना घास हातात धरून थांबायचे. डोळे उघडे, पण इथे नसायचे. मग खाली बघायचे आणि पुन्हा जेवायला लागायचे. विचारलं तर म्हणायचे, विचार करत होतो." त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "आपल्या ओसरीवर बसून किती बायकांनी त्यांना हेच सांगितलेलं मी आतून ऐकलंय, सुजाता. मला कळलं नाही असं मी कसं म्हणू?"

"मग बोलला का नाहीत?"

"फिटच्या डॉक्टरलाच फिट येते, हे मी कुणाला सांगायला जाऊ? दवाखाना ओस पडला असता. आणि त्यांना सांगायचं म्हणजे..." त्यांनी पदराचं टोक सोडलं. "त्यांना सांगायचं म्हणजे काय, ते तुला माहीतच आहे."

माहीत होतं. आम्ही दोघी तुम्हाला घाबरत होतो, सर. मारकुट्या माणसाला घाबरतात तसं नव्हे. तुम्ही चुकाल ही कल्पनाच आम्हाला सोसत नव्हती, आणि तुम्हालाही. तुमच्यावर माझा राग आहे तो एवढ्यापुरता. बाकी मला जे काही येतं, कागदावरची रेघ वाचण्यापासून कुणाच्याही समोर खुर्चीत ताठ बसण्यापर्यंत, ते तुमच्याकडूनच आलेलं आहे. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असतं ते मला अजून नीट लावता येत नाही.

वहिनींनी वही मागितली आणि पेन मागितलं. जुनी ओळ खोडली नाही. तिच्याखाली त्यांनी आपल्या हातानं लिहिलं, एप्रिल, पत्नीनं पाहिलं. मग वही माझ्याकडे सरकवली. मी लिहिलं, मे, टेक्निशियननं पाहिलं, कागद सोबत जोडले आहेत. थंडीपर्यंत थांबावं हे वाक्य मात्र मी आडवी रेघ मारून काढलं. तुम्ही सांगितलेलं वाक्य मी खोडलं ते हे पहिलंच.

धाकट्या डॉक्टरांना मी दुपारी भेटले. ते म्हणाले, "सरांचं नाव जाईल. तुमचंही. राहू द्या ना, आता कुणाला काय फरक पडतो?" मी म्हटलं, "पुढच्या मे महिन्यात ज्याच्या डोक्यात खरी लाट असेल त्याला पडतो." मग ते म्हणाले की ही नोंद त्यांना सगळ्यांसमोर वाचता येणार नाही. म्हणून रविवारी ती मी वाचणार आहे.

धुळ्याच्या त्या हॉलमध्ये सगळे डॉक्टर असतील, आणि मी कधी चार माणसांत उभी राहून बोललेली नाही. तरी म्हणेन की मला मे महिन्यापासून दिसत होतं. त्यानंतर ते मला काय म्हणतील ते म्हणोत. मला सारखी आठवते ती सकाळ, कूलर बंद, तुम्ही डोळे मिटून पडलेले आणि माझ्या हातात तुमचा कागद. खोलीत आपण दोघंच होतो, सर, आणि 'हा घाम नाही' एवढ्या एका वाक्याचं काम होतं.